बटणांवाचूनचा बेंजो आणि दत्तारामचा ठेका

हे नादरूपा पांडुरंगा, विटेवर उभा राहून आमचे बेसूरही तू मन लावून ऐकतोस, म्हणून आरंभी तुलाच दंडवत. जे सांगणार आहे ते तुझ्याच दारात घडलेले आहे. सांगताना काही कमीजास्त झाले, तर सावरून घे.

भजन संपून सतरंजी झटकली की तिच्यातून चुरमुरे पडतात, फुटाणे पडतात, एखाद्याची हरवलेली जपमाळही पडते. आमच्या मंडळाचे किस्सेही असेच पडत असतात. ते कोणी मुद्दाम साठवत नाही. पण झटकले की पडतातच! त्यांतले थोडे वेचून आपल्यापुढे ठेवतो.

मंडळ आमचे घाटकोपरच्या टेकडीवरच्या वसाहतीतले. बहुतेक घरे कोकणातली, वडील गिरण्यांत होते. आवारात विठ्ठल-रखुमाईचे लहानसे देऊळ, आणि तिथे दर गुरुवारी संध्याकाळी भजन. मी शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. मंडळी मला बापू म्हणतात. पेटी मंगेश वाजवतो आणि पखवाज वाजवायचा दत्ताराम, माझा बालमित्र.

‘वाजवायचा’ असे म्हणालो, कारण त्याला अर्धांगाचा झटका आला. देवाच्या कृपेने वाचा परतली, पाय परतले. उजवा हात मात्र हट्टाने लोंबकळत राहिला. पखवाज गवसणीत गेला आणि दत्ताराम घरात. डॉक्टर म्हणत, “हात चालवा, माणसांत जा.” तो कुठेच जाईना. त्याला पुन्हा देवळात आणायचे कसे, हा आमच्यापुढचा एकच प्रश्न होता.

* * *

ठेका गेला तसे भजन ओकेबोके वाटू लागले. मंगेश म्हणाला, “बापू, एखादा बेंजो घेऊया का? जरा जान येईल!”

मुंबईत बेंजो म्हणजे काय, हे सांगायला नको. गणपतीच्या मिरवणुकीत पुढे वाजतो तो, टाईपरायटरसारखी बटणे असलेला. माझा पुतण्या समीर अमेरिकेत असतो. “काका, येताना काय आणू?” असे त्याने फोनवर विचारले आणि मी सहज बोलून गेलो, “एक चांगला बेंजो आण.”

त्याने आणला! विमानातून, काळ्या पेटीतून, लेकरासारखा जपून आणला. पेटी उघडली, तर आत खंजिरीसारखे गोल चामडे, त्याला लांब दांडा आणि पाच तारा. चार खुंट्या टोकाला आणि पाचवी दांड्याच्या मधोमध, वाट चुकल्यासारखी!

मंगेशने तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, “बापू, ह्याची बटणं कुठे गेली? कस्टमवाल्यांनी काढून घेतली काय?”

समीर कासावीस झाला. “काका, जगात बेंजो म्हणजे हाच!”

“असेल रे,” मंगेश म्हणाला, “पण घाटकोपरमध्ये नाही.”

निदान पाहायला म्हणून मी तो दत्तारामच्या घरी नेला. त्याने डाव्या हाताने चामड्यावर टिचकी मारली, कान दिला आणि निकाल दिला, “मेल्या बापू, ह्यो बेंजो न्हय. ही डफली! तिका दांडो लागलो हा!”

आणि तो हसला. आजारपणानंतर प्रथमच, मोकळे, पोट हलवून हसला. सुशीलावहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, काय झाले ते पाहायला.

त्याच क्षणी ठरवले, हे वाद्य परत पाठवायचे नाही. शिकायचे!

* * *

हा बेंजो बोटांत नख्या घालून वाजवतात. आंगठ्याला प्लॅस्टिकची आणि दोन बोटांना पत्र्याच्या. मोबाईलवर परदेशातले एक गृहस्थ शिकवतात, त्यांच्यासमोर मी नख्या घालून, सोवळे नेसून बसलो. आमच्या हिने देवघराच्या दारातून पाहिले.

“अहो, देवापुढे वाघनखं घालून बसलात ते कुणाला भेटायला?”

तिचे बोलणे मी मनावर घेतले नाही. पण त्या संध्याकाळी रियाज करता करता आरतीची वेळ झाली आणि मी तसाच देवळात धावलो. आरती सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या. दोन कडवी झाली आणि पुजारीबुवा चहूकडे पाहू लागले. आरती संपताच म्हणाले, “आज टाळ कोणी आणले? फार गोड वाजत होते!”

मी हात उपरण्याखाली घेतले.

* * *

शिकवणाऱ्या गृहस्थांनी सरावासाठी साथीचे ट्रॅक दिले होते. तुम्ही सूर वाजवायचा, मागे त्यांची ढोलकी आणि गिटार. योजना उत्तम, परंतु त्यांची लय अशी उधळलेली, की अभंग धरला तर विठ्ठलालाही पळत सुटावे लागले असते. ठेका आपला हवा. आणि आपला ठेका घाटकोपरात एकाच माणसाकडे होता.

मी दत्तारामकडे गेलो. “मला घरी सरावाला ठेका रेकॉर्ड करून दे.”

“माजो हात खय हा आता?”

“डावा आहे ना?”

त्याने डावा हात उलटसुलट करून पाहिला. पखवाज नको म्हणाला. शेवटी वहिनींनी तेलाचा रिकामा डबा आणून त्याच्या मांडीशी ठेवला. मोबाईल मी फडताळावर टेकवला. दत्तारामने डाव्या हाताने डब्यावर घुमारा काढला आणि उजव्या हाताचे बोल तोंडाने म्हणू लागला. “धा… दिं… ता…” पत्र्याचा डबा, पण काय सांगू, डोळे मिटले की देऊळच!

ट्रॅक ऐन रंगात आला असताना दारावर हाळी आली, “बांगडा, ताजा बांगडा!” वहिनी दारापर्यंत गेल्या आणि वळून खुणेने विचारू लागल्या. दत्तारामने हात थांबवला नाही. लय सोडली नाही. “धा, दिं, ता, चार-बांगडे-घे-गो, धा!” असे म्हणून तो नेमका समेवर आला!

मी माळकरी मनुष्य. पण माझा रोजचा रियाज त्या चार बांगड्यांवरूनच पुढे जातो. ते काढून टाकावेत असे कधी मनात आले नाही. बांगडे काढले तर सम हुकेल!

* * *

वाद्याची एक खोड लवकरच कळली. चामड्यावर तारांखाली लाकडाची एक लहान घोडी उभी असते. ती चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबाने उभी राहते. ती सरकली की सगळे स्वर खोटे. आमच्या हिने प्रेमाने धूळ पुसली आणि घोडी आडवी झाली!

मंगेशच्या ओळखीने गोराईच्या फ्रान्सिस यांचा नंबर मिळाला. वयाने माझ्याएवढेच, तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये अशीच वाद्ये वाजवलेली. मी पेटी घेऊन बोरिवलीच्या बाजूच्या धक्क्यावर पोहोचलो आणि बोटीची वाट पाहत त्यांना फोन लावला. वारा होता, म्हणून मोठ्याने बोलावे लागले.

“हो हो, घोडी पडली! उभीच राहत नाही… नाही, पाय शाबूत आहेत… जरा पुढे सरकवली की किंचाळते… हो, आणतो आहे ना, बरोबरच आहे!”

तिकीट देणारा माणूस माझ्याकडे पाहत राहिला. फोन ठेवताच जवळ येऊन म्हणाला, “काका, घोडी बोटीत अलाऊड नाय हां! कुठे बांधलीय?”

मी हातातली काळी पेटी वर केली. “घोडी हिच्यातच आहे.”

तो दोन पावले मागे सरकला!

* * *

फ्रान्सिस यांच्या घरी येशूच्या तसबिरीखाली आम्ही दोघे बसलो. त्यांनी एका तारेवर बोट नुसते टेकवून, स्वर पुन्हा पुन्हा ऐकत घोडी तिच्या जागी उभी केली. मग म्हणाले, “आता वाजव बाबा. ऐकू दे.”

मी मोबाईलवर दत्तारामचा ट्रॅक लावला आणि एक साधी चाल वाजवली. पाचवी तार आंगठ्याखाली एकसारखी बोलत होती. तिला दुसरा स्वर ठाऊकच नाही.

“ही आमच्या देवळाच्या घंटेसारखी बोलते,” फ्रान्सिस म्हणाले. चर्चला तेही देऊळच म्हणतात.

“आमच्या एकतारीसारखी,” मी म्हणालो. यावर आमचे दोघांचे एकमत झाले.

मग त्यांनी ट्रॅक पुन्हा लावायला सांगितला आणि मान तिरकी करून ऐकला. “हा माणूस एका हाताने वाजवतो?”

मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. नंतर माझा आंगठा धरून पाचव्या तारेवर ठेवला. “तो तोंडाने बोलतो ना, तिथे हाताची जागा खाली आहे. तिथे तू हा आंगठा टाक. एक हात त्याचा, एक तुझा. दोन हात झाले की नाही?”

निघताना त्यांच्या पत्नीने वाडीतली पपई पिशवीत घातली. मी तोंडभर आभार मानू लागलो, तेव्हा फ्रान्सिस म्हणाले, “थँक्यू नको रे. घोडीला पाणी पाजत जा!”

* * *

पुढचे ट्रॅक कधी दत्तारामकडे, तर कधी आमच्या घरी होऊ लागले. एकदा आमच्या घरी रेकॉर्डिंग चालू असताना आत कुकर लावलेला होता. शिट्ट्याही ट्रॅकमध्ये आल्या. मला त्यांचे काही वाटले नाही. ठेक्यात बसल्या होत्या.

पुढे एका सकाळी मी तोच ट्रॅक लावून रियाज केला. दुपारी पानावर बसलो, तर डाळ टणक! तांदूळ दाताखाली कटकट वाजताहेत! दत्ताराम आमच्याकडे जेवायला होता. एवढे तरी साधले होते, की भजनाला नाही तरी जेवायला तो आमच्या घरापर्यंत येऊ लागला होता.

ही म्हणाली, “असं कसं होईल? मी शिट्ट्या मोजून गॅस बंद केला!”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. दत्तारामने घास तसाच खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, “वहिनी, तुमी माज्या शिट्ट्यांवर भात शिजवलात!”

त्या दिवसापासून हिचा दंडक आहे. कुकर लावला की बेंजो बंद!

* * *

या वाद्याच्या उघड्या तारा सा, प, सा, ग, प अशा लागतात. गंधार शुद्ध. आता आपल्याकडे काही अभंग असे आहेत, की त्यांत कोमल गंधाराचे आर्त हवेच. ते मी वाजवू लागलो की ती एक तार मध्येच आनंदाने खणखणे! विरहाने व्याकूळ झालेला भक्त अकस्मात वरातीत शिरल्यासारखा वाटे. पुढे ती तार उतरवून लावण्याची युक्ती समजली. पण प्रथम मी अगदी जेरीस आलो.

दत्तारामला म्हणालो, “काय सांगू तुला, हे वाद्य रडायला तयारच नाही!”

तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. तसाच पाहत म्हणाला, “मगे दोन दिवस माज्या घरात ठेव त्याका. कोणीतरी शिकवूक होया माका.”

मी बेंजो त्याच्याकडे ठेवून आलो. तिसऱ्या दिवशी आणायला गेलो, तर वहिनी दारातच कुजबुजल्या, “भावजी, तार छेडतात हो. उजव्या हातान. आवाज नाय येत, पण छेडतात.”

मी बेंजो न घेताच परत फिरलो. आठवडाभर रियाज बुडाला. त्या आठवड्यासारखा रियाज माझ्याकडून आजवर झालेला नाही!

* * *

मग एका गुरुवारी आम्ही तो ठेका देवळात नेला. मोबाईल स्पीकरला जोडला, मी बेंजो घेऊन मंगेशशेजारी बसलो. मंडळाने डोळे मिटले. दत्तारामचा ठेका सभामंडपात घुमला आणि टाळकऱ्यांच्या अंगात वीज आल्यासारखे झाले. कितीतरी दिवसांनी भजन उभे राहिले!

अभंग चढत गेला. मंगेशने पेटीवर एक सुरेख तान घेतली आणि तो मोठ्या समाधानाने समेवर उतरला. तेवढ्यात स्पीकरमधून दणदणीत आवाज आला, “चुकलास, मेल्या!”

पेटी थांबली. टाळ थांबले. मंगेशचा चेहरा पांढराफटक पडला. “मी? मी कुठे चुकलो?”

खुलासा असा, की रेकॉर्डिंगच्या वेळी मी बाजूला वाजवत होतो आणि ते आशीर्वचन मला मिळाले होते. रोज ऐकून माझ्या इतके अंगवळणी पडले होते, की त्या जागी मी आता बरोबर वाजवत असूनही मनातल्या मनात क्षमा मागत असे! मंडळींना सांगायचे राहूनच गेले.

मंडळी हसून लोळली. मंगेश मात्र फुगला. “बापू, आमची वाट लागली ना! आवाज पाठवून शिव्या देतो काय? त्याला म्हणावं, हिंमत असेल तर समोर बसून दे!”

मी तो निरोप दुसऱ्या दिवशी जशाच्या तसा पोहोचवला. दत्ताराम आधी खूप हसला. मग हसू ओसरले.

“आवाज जाता, ता पुरे झाला, बापू. चार माणसांत लुळो हात मांडीयेर घेवन बसूचा नाय माका.”

वहिनींनी चहा आणला, तेव्हा मी त्याचा कप त्याच्या डाव्या हाताशी सरकवला.

* * *

त्यानंतरच्याच गुरुवारची गोष्ट.

मंगेशची एक रीत सांगायची राहिली. रुसवा कितीही असो, दर गुरुवारी तो पखवाज गवसणीतून काढून आमच्या पाठीमागे, दत्तारामच्या जागी मांडून ठेवी, त्याला गंधफूल वाही आणि घुमाऱ्यासाठी डाव्या तोंडाला कणकेचा ताजा गोळा लावी. मी विचारले, तर म्हणाला, “वाजो न वाजो. उपाशी कशाला ठेवायचा?”

भजन सुरू झाले. मोबाईलवर ठेका, माझ्या हातात बेंजो, मंगेशची पेटी आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. रूपाचा अभंग झाला, गजर सुरू झाला. टाळ टिपेला पोहोचले आणि नेमक्या त्या वेळी स्पीकरमध्ये फोनची घंटी वाजू लागली! ट्रॅक बंद! मी एका डोळ्याने पाहत घाईघाईने फोन कापायला गेलो. बोट भलतीकडे पडले आणि सुशीलावहिनींचा घाबरलेला आवाज सबंध देवळात घुमला.

“भावजी, हे तुमच्याकडे इलेत काय हो? खाली पेपर आणूक म्हणान गेले, ते अजून नाय इले! फोन पण घरातच ठेवलो हा! माका भीती वाटता हो!”

सगळ्यांचे डोळे उघडले. टाळ एकेक करून थांबले, पेटी थांबली, माझी बोटे तारांवरच राहिली.

ठेका थांबला नव्हता.

ट्रॅक केव्हाच बंद पडला होता आणि ठेका चालूच होता. कणकेचा भरीव घुमारा, मग एक रिकामी जागा, पुन्हा घुमारा. त्या रिकाम्या जागेत मधूनच एक ‘ता’, इतकी बारीक, की खरेच वाजली की मला भास झाला, ते आजही शपथेवर सांगता येणार नाही. मागे वळून पाहण्याचे धैर्य कोणालाच होईना. माझा आंगठा तेवढा आपणहून त्या रिकाम्या जागी पडू लागला. मग मंगेशने पेटीवर सूर धरला. मग टाळ.

“भावजी? भावजी, ऐकतास मा?” स्पीकरमधून वहिनी विचारतच होत्या. “हे थय आसत काय?”

तेव्हा पखवाजामागून, मान वर न करता, लय न मोडता आवाज आला.

“बापू, तिका सांग, माजो हात रिकामो नाय हा!”

* * *

हे ऐकणाऱ्या आणि वाचणाऱ्या प्रत्येकाचे पांडुरंग कल्याण करो. तुमच्या घरात अन्न शिजत राहो, नाद घुमत राहो, रुसलेला माणूस पानावर परत येवो. आणि तुमच्या घरातला एकही हात त्या दयाघनाने कधी रिकामा ठेवू नये. रामकृष्ण हरी.